आर्थिक विषमता प्रत्यक्षात असते तितकी लोकांना का जाणवत नाही?

मुख्य कारण असे की, समाजाचा अंदाज आपण आकडेवारीवरून नव्हे, तर ओळखीपाळखीच्या माणसांवरून बांधतो आणि ही माणसे बहुतांशी आपल्याच उत्पन्नगटातील, आपल्याइतकीच शिकलेली असतात. म्हणूनच सधन आणि निर्धन असे दोघेही स्वतःला बिनदिक्कत ‘मध्यमवर्गीय’ म्हणवून घेतात.

मायकेल नॉर्टन आणि डॅन एरिएली या अमेरिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकी नागरिकांना, सर्वांत श्रीमंत २० टक्के लोकांकडे देशाची किती संपत्ती असेल, असे विचारले होते. सरासरी उत्तर सुमारे ५९ टक्के आले; प्रत्यक्ष वाटा ८४ टक्क्यांच्या आसपास होता. (टक्केवारीत विचारल्यामुळे लोक गोंधळतात, हा या पाहणीवरचा आक्षेप मला बराचसा रास्त वाटतो.)

आपल्या ओळखी कोणाशी आहेत, हा प्रश्न मात्र केवळ समजुतीपुरता नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीकडून कळली होती. उरलेल्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून, कारण जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. अशा दूरच्या ओळखीही एकाच वर्गात अडकल्या, तर संधी आणि माहिती दोन्ही तिथेच फिरत राहतात.

जनमताबाबत सांगायचे तर, संपत्तीच्या फेरवाटपाला मिळणाऱ्या पाठिंब्याचा संबंध प्रत्यक्ष विषमतेपेक्षा लोकांना वाटणाऱ्या विषमतेशी अधिक आढळतो. त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे केवळ अशा पाहण्यांवरून ठरवता येत नाही.