निदान नाव तरी सांगा

"मॅडम, घशात काहीतरी अडकलंय. रिपोर्ट नॉर्मल आलेत, पण मला वाटतं थायरॉईडच आहे."

गेल्या हिवाळ्यात हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं! बँकेत काम करणारे एक गृहस्थ, बारावीची एक मुलगी, निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार, दोन शिक्षिका. शब्दही थोड्याफार फरकाने तेच. गोळा आल्यासारखं वाटतं, कुणी गळा आवळतंय असं वाटतं, आवंढा उतरत नाही. आणि शेवटी काकुळतीला येऊन, "निदान नाव तरी सांगा ह्याचं."

'निदान' ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि ह्या माणसांच्या तोंडी ते दोन्ही एकदमच येतात. रोगाचं निदान हवं असतं. ते नाही तर निदान एक नाव. हाती पडतं ते मात्र "काही नाही तुम्हाला". बावीस वर्षं समुपदेशनाचं हे काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की "काही नाही" हे ऐकून घरी गेलेला माणूस बरा होत नाही, तो पुढचा डॉक्टर शोधतो. ज्याला दिवसभर गळ्यात काहीतरी जाणवतंय त्याला "काही नाही" म्हणणं म्हणजे तू खोटं बोलतोस असंच सांगणं आहे.

ह्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला रेखाताई म्हणू.

रेखाताई सिडकोत राहतात. वय एक्केचाळीस. नवरा अंबडच्या एका कारखान्यात, त्या घरीच ब्लाउज शिवतात. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पहिल्यांदा आल्या. सगळं नाशिक मफलर आणि कानटोप्या गुंडाळून फिरत होतं आणि ह्या बाईंचा गळा उघडा. स्वेटरचं वरचं बटणही उघडं. मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलेलं. "गळ्याला काही लागलं की आवळतं," म्हणाल्या. सासूबाईंनी त्यावरून बोलून घेतलं होतं, ते वेगळंच.

सुरुवात आषाढात झाली होती. नणंदेच्या गळ्याला गाठ निघाली, थायरॉईडचं ऑपरेशन झालं. ह्या भेटायला गेल्या, गळ्यावरची पट्टी पाहिली आणि त्याच रात्री झोपताना ह्यांच्या घशात गोळा आला. नणंद बरी झाली, सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि शेतावर जाते. ह्यांचा गोळा मात्र सात महिने झाले तरी जाईना.

पिशवीतून फाईल निघाली. तीन लॅबचे तीन रिपोर्ट: एक सिडकोतला, एक कॉलेज रोडचा, एक नाशिकरोडचा. थायरॉईड नीट चालते का हे पाहायचा रक्तातला आकडा, टीएसएच, ३.१, मग ४.६, मग २.८. मधला आकडा ठळक अक्षरात छापलेला, त्याला यांनी लाल पेनाने गोल केलेला. फाईलखालून एक वही निघाली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही. छाती, कंबर, बाही, गळा. शेवटच्या पानावर मात्र तारखा आणि एकाच बाईच्या गळ्याची मापं. सव्वातेरा, साडेतेरा, सव्वातेरा, पावणेचौदा. रोज सकाळी उठल्यावर आरशासमोर उभं राहून टेपने घेतलेली.

मी लगेच समुपदेशनाला बसत नाही. आधी एक प्रश्न विचारते, आणि ह्या तक्रारीचं कुणीही समोर आलं तर घरच्यांनीही तो विचारावा.

"रेखाताई, जेवताना अडतं का?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "नाही. जेवताना काही होत नाही. भाकरीचा घास उतरतो. थुंकी उतरत नाही."

ह्या उत्तराने मला पुष्कळ सांगितलं. ज्याच्या अन्नमार्गात खरोखर अडथळा असतो त्याला आधी पोळी-भाकरी अडते, पुढे पातळही अडतं. ज्याचा गोळा जेवताना नाहीसा होतो आणि नुसता आवंढा गिळताना परत येतो, त्याचं दुखणं बहुतेक वेळा वेगळ्या जातीचं असतं. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे. म्हणून पुढचंही विचारलं. घास अडकतो का, गिळताना दुखतं का, वजन आपोआप उतरलंय का, आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला आहे का, थुंकीत रक्त, एकाच बाजूला दुखणं, कानात कळ, गळ्याला हाताला लागणारी गाठ, तंबाखू किंवा मिसरी? यातलं एकही "हो" असेल तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जा. थायरॉईड ग्रंथी फार मोठी झाली तर तिचाही गळ्यावर दाब पडू शकतो, तेव्हा थायरॉईड तपासणं चुकीचं नाहीच. रेखाताईंची सगळी उत्तरं "नाही" आली. तरीही घसा आतून कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून मी त्यांना आधी तज्ज्ञांकडे पाठवलं. नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी घसा पाहिला, गळ्याची सोनोग्राफी केली, महिनाभर आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, कारण वर येणारं आम्लही असा गोळा देतं. थायरॉईडचा आकार ठीक, घसा स्वच्छ. गोळ्यांनी छातीतली जळजळ गेली. गोळा राहिला.

पहिल्या दोन भेटींत मी फक्त समजावलं. टीएसएच थायरॉईडमधून येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला जो हुकूम सोडते तो हा. थायरॉईड मंद पडली की हुकूम चढतो. हा आकडा दिवसभरात हलतो. रात्री चढतो, दुपारी उतरतो. प्रत्येक लॅबच्या मर्यादाही थोड्या वेगळ्या, साधारण ०.४ ते ४च्या आसपास. तीन लॅबमध्ये तीन वेळांना रक्त दिलं तर तीन आकडे येणारच. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं: थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक, टी-४, नीट आहे, औषध नको, काही महिन्यांनी पुन्हा पाहू. (केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांनी हे आकडे बिघडू शकतात.) रेखाताईंनी मान डोलावली, सगळं पटलं म्हणाल्या आणि तिसऱ्या भेटीला चौथ्या लॅबचा पत्ता घेऊन आल्या.

त्या दिवशी मी समजावणं थांबवलं.

"एक करूया. दोघी मिळून. पाणी न पिता सलग सहा आवंढे गिळायचे. मी पण गिळते."

पहिले दोन सहज गेले. तिसरा जरा जड. चौथ्याला मी थांबले, कारण तोंडात काही उरलंच नव्हतं, घसा नुसता ओढला जात होता. त्यांच्याकडे पाहिलं तर त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या.

"मॅडम, तुमचं पण अडकलं?"

"अडकलं. हा बघा, गोळा आला."

"तुम्हाला पण थायरॉईड आहे?"

"थायरॉईड तर प्रत्येकालाच असते, रेखाताई. जन्मापासून. पण हा गोळा मी आत्ता, ह्या खुर्चीत बसून, चार आवंढ्यांत तयार केला. तुम्ही दिवसातून किती वेळा गिळून बघता?"

उत्तर यायला वेळ लागला. मी खिडकीबाहेर कॉलेज रोडची रहदारी बघत बसले. अशा वेळी बोलायचं नसतं हे मी फार वर्षांनी शिकले.

"मशिनवर बसलं की दर टिपेला," त्या म्हणाल्या. "टीप संपली की गिळून बघते. आहे का, गेला."

एका ब्लाउजला किती टिपा, दिवसाला किती ब्लाउज, हिशेब त्यांनीच केला. दिवसाला शेकडो वेळा. शिवाय मान खाली घालून सहा-सात तास. शिवाय रात्री नवरा मोबाइलच्या बॅटरीने घशात बघून "काही दिसत नाही गं" म्हणायचा, तेही रोज. बिचारा मायेनेच करत होता.

मग मी त्यांना घशातली गोष्ट सांगितली. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं असतं. ते एरवी मिटलेलं असतं, गिळताना क्षणभर उघडतं. आपण ताणात असलो, सतत कोरडं गिळत राहिलो, की तिथले स्नायू घट्ट राहतात, आणि तो घट्टपणा आपल्याला गोळ्यासारखा जाणवतो. घास गेला की कडं सैल पडतं, म्हणून जेवताना बरं वाटतं. जांभई आली की बरं वाटतं, तेही त्याचमुळे. ही जाणीव खरी आहे. ती कल्पना नाही, वेड नाही, नाटक तर मुळीच नाही.

"ह्याला नाव आहे?"

"आहे. ग्लोबस. लॅटिनमध्ये ग्लोबस म्हणजे गोळा."

"म्हणजे आपण म्हणतो तेच!" त्यांचे डोळे भरून आले. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचाच शब्द त्यांना परत दिला होता.

पूर्वी ह्या नावाला हिस्टेरियाचं शेपूट जोडलेलं असे, जणू हे हळव्या बायकांचंच दुखणं. १९६८ साली माल्कमसन नावाच्या घशाच्या डॉक्टरांनी ते शेपूट तोडून घशाशी संबंधित नाव सुचवलं. हे मी प्रत्येकाला सांगते, पुरुषांना तर आवर्जून, कारण पुरुष हा त्रास लपवतात.

पुष्कळ जण इथे विचारतात, मनात दाबलेलं काहीतरी घशात अडकलं असेल का? कधी असतंही. पण मी त्याच्या मागे लागत नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. १९५५ साली त्यांनी ती मांडायला सुरुवात केली आणि मला आजही तिच्याइतकं स्वच्छ हत्यार दुसरं मिळालेलं नाही. मी शोधते ती माणसाची मागणी, म्हणजे 'हे असंच झालं पाहिजे' हा आतला हट्ट. रेखाताईंची मागणी पुढच्या भेटीत सापडली.

"समजा, उद्या कुणी शंभर टक्के खात्री दिली, की तुम्हाला काहीही नाही आणि होणारही नाही. ती खात्री किती दिवस पुरेल?"

त्या आठवू लागल्या. "पहिला रिपोर्ट आला तेव्हा पंधरा दिवस बरं वाटलं. दुसऱ्याला तर त्या आकड्याने घोळच केला. तिसरा नॉर्मल आला तेव्हा..." त्या थांबल्या. "शालिमारला रिक्षात बसेपर्यंत."

"आणि चौथा?"

"लॅबच्या पायरीवरच संपेल."

हे त्यांचं त्यांनी म्हटलं आणि माझ्या दृष्टीने काम तिथे निम्मं झालं. खात्री मिळावी अशी इच्छा सगळ्यांनाच असते. पण "मला खात्री मिळालीच पाहिजे, नाहीतर मी स्वस्थ बसू शकत नाही" ही मागणी झाली की प्रत्येक रिपोर्ट तिच्यापुढे तोकडा पडतो. आजारापेक्षा ह्या 'च'ने त्यांना जास्त छळलं होतं. मी वही उघडली आणि शेवटचं पान त्यांच्यासमोर ठेवलं.

"सव्वातेराचा गळा एका रात्रीत पावणेचौदा कसा झाला?"

त्यांनी पान पाहिलं आणि अंगातली शिवणकाम करणारी बाई जागी झाली. "हा टेप सैल धरलाय, मॅडम. अर्धा इंच तर हाताचाच फरक. म्हणून तर आम्ही आत मार्जिन ठेवतो. मापाला मापच कापलं तर ब्लाउज अंगात जाणार नाही."

"मग शरीराला का नाही ठेवत?"

त्या बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे थोडी शंका आत शिवून टाकायची. दिसत नाही, पण असते. आणि तिच्यामुळेच आवळत नाही."

हे वाक्य माझं नाही, त्यांचं आहे. मी ते त्या दिवशीच माझ्या डायरीत उतरवून घेतलं आणि तेव्हापासून किती जणांना सांगितलं!

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि ते त्यांनी नेटाने केलं. टीप संपल्यावर गिळून बघायचं नाही; फारच वाटलं तर पाण्याचा एक घोट, किंवा जांभई, किंवा तोंड मिटून गुणगुणायचं. तासाला एकदा उठून मान, खांदे मोकळे करायचे. गळा चाचपायचा नाही, टेप फक्त गिऱ्हाइकासाठी. डॉक्टर एक, लॅब एक, रक्त द्यायची वेळ एक. नणंदेची गोळी "घेऊन बघू" हा विचार डोक्यातूनही काढायचा. ते संप्रेरक आहे, गरज नसताना घेतलं तर छाती धडधडते. नवऱ्याला एकदा बोलावलं. रात्रीची बॅटरी बंद, आणि "काही नाही गं तुला" हेही बंद. त्याऐवजी काय म्हणू, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज किती ब्लाउज झाले, ते विचारा.

पहिल्या आठवड्यात गोळा वाढला. वाढतोच, सवय मोडताना ती कुरकुरते. ह्याच आठवड्यात माणसं चौथ्या लॅबकडे पळतात, म्हणून मी हे आधीच सांगून ठेवते. तिसऱ्या आठवड्यात एक सबंध दुपार त्याच्याविना गेली, आणि गेली हे त्यांना संध्याकाळी चहा घेताना लक्षात आलं.

गोळा कायमचा गेला का? नाही. लग्नसराईत, तीस ब्लाउज अंगावर असताना तो येतो. "येतो तसा बसतो नि जातो," म्हणाल्या. शेवटच्या भेटीला मंगळसूत्र गळ्यात होतं. मी त्याबद्दल काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी टीएसएच ऑगस्टमध्ये पुन्हा करायला सांगितलं होतं. ती तारीख लिहायला त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावरचं शेवटचं माप २२ फेब्रुवारीचं होतं. त्याच्याखाली त्यांनी लिहिलं: १० ऑगस्ट, सकाळी आठ, सिडकोची लॅब. मग पान उलटून पुढच्या गिऱ्हाइकाची बाही किती ठेवायची ते मला विचारू लागल्या, लांब की कोपरापर्यंत, हल्ली काय चालतं कॉलेज रोडला?