मराठवाड्यात पाऊस कमी का पडतो? निसर्ग की माणूस?

मुख्य कारण नैसर्गिकच आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक बाष्प घाटमाथ्यावरच रिते करतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना पर्जन्यछायेतील मराठवाड्याच्या वाट्याला सरासरी 700 ते 800 मिलिमीटरच येतो. समुद्र दूर असल्याने उन्हाळा प्रखर आणि हिवाळ्यातील रात्री बऱ्यापैकी गार असतात.

मात्र सगळा मराठवाडा एकसारखा नाही, हे बहुधा विसरले जाते. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकताना नांदेड, हिंगोलीला चांगला पाऊस देतात, पण बीडच्या आष्टी-पाटोद्यापर्यंत त्यांचा जोर ओसरलेला असतो.

मानवी हस्तक्षेपाचा विचार करताना हवामान आणि पाणीटंचाई यांत गल्लत होऊ नये. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यामागे अपुऱ्या पावसाइतकाच उसाचा आणि बेसुमार बोअरवेलचाही हात होता. ऊस पाऊस कमी करत नाही, तो पडलेले पाणी संपवतो. अत्यल्प वनक्षेत्रामुळे आणि शहरांतील सिमेंटमुळे स्थानिक उष्णता नक्कीच वाढते. याखेरीज कोळसा, पेट्रोल जाळल्याने होणारी जागतिक तापमानवाढ आहेच; तिच्यामुळे हवेची बाष्प धरण्याची क्षमता दर अंश सेल्सिअसमागे सुमारे 7 टक्क्यांनी वाढते आणि थोड्या वेळात धो-धो कोसळणाऱ्या पावसाची शक्यता बळावते.