15 नंबरचं पान

प्रिय पोरी,

तुझा मेल रात्री पावणेतीनला आलेला. सकाळी गॅसवर चहा ठेवून वाचायला घेतला, आणि चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

भविष्य पाहायच्या टॅरो पत्त्यांचा कॅट घेतलास, पहिल्यांदाच स्वतःसाठी एक पान काढलंस आणि नेमकं 15 नंबरचं, सैतानाचं निघालं. बोकडाचं तोंड, वटवाघळाचे पंख, खाली साखळीने बांधलेले दोन उघडे जीव. तू पान पालथं घातलंस, कॅट ड्रॉवरमध्ये कोंबलास आणि आतलं काही बाहेर येऊ नये म्हणून ड्रॉवरवर आजीचं बायबल ठेवलंस. मग दिवा चालू ठेवून पहाटेपर्यंत बसून राहिलीस. मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सोडून तीन वर्षं झाली, मी असलं काही मानत नाही, मग बाई, माझे हात का थरथरले? असं विचारलं आहेस.

त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. मंडळीच्या शब्बाथ शाळेत, माझ्या रविवारच्या बायबल वर्गात, तू पहिल्या बाकावर बसायचीस. एका रविवारी मी फ्लॅनेलच्या फलकावर मेंढरं आणि शेरडं लावली होती, बायबलमधल्या मत्तयाच्या 25 व्या अध्यायातली. शेरडांच्या मागे लाल घोटीव कागदाचा शिंगवाला सैतान लावला. तो धड्याच्या संचात नव्हता. आदल्या रात्री मी स्वतः कातरला होता, मुलं गप्प बसावीत म्हणून. तू रडायला लागलीस आणि मला वाटलं, वचन मुलांच्या मनाला भिडतंय. घरी जाऊन मी देवाचे आभारही मानले. पुढे मीही त्या मंडळीतून बाहेर पडले, पण तो लाल कागद तुझ्यात राहिला. पोरी, मला माफ कर. हे पत्र त्या रविवारची भरपाई होणार नाही, पण ते लिहिल्याशिवाय मला तुला काही सांगायचा अधिकारही नाही.

हात का थरथरले, याचं उत्तर त्यातच आहे. तुझी बुद्धी बाहेर पडली, अंग अजून पहिल्या बाकावर बसलं आहे. सहाव्या वर्षी शिकलेली भीती मान्य-अमान्य विचारून येत नाही. गरम तव्यावरून हात मागे येतो तशी ती येते. म्हणून 'मी अजून सुटलेच नाही' असा अर्थ त्यातून काढू नकोस.

आता या पानाचं घराणं सांगते. ते कळल्यावर माझी स्वतःची भीती निम्मी झाली होती.

टॅरो हे मुळात खेळायचे पत्ते. 1440 च्या सुमारास मिलान, फेरारा, फ्लॉरेन्स या इटलीतल्या शहरांत श्रीमंत घराण्यांतून ते खेळले जायचे. आपण मेंढीकोट खेळताना हुकूम ठरवतो, तर त्यांच्याकडे हुकमाच्या पानांचा वेगळा कायमचा संचच होता. नेहमीची 56 पानं, वर 21 हुकूम आणि एक वेडा. हुकमांवर कोण होतं? पोप, सम्राट, प्रेम, मृत्यू, सैतान, शेवटच्या न्यायाच्या दिवशी कर्णा वाजवणारा देवदूत. म्हणजे त्या काळच्या कुठल्याही चर्चच्या भिंतीवर दिसेल तेच सगळं. त्याच शतकातल्या एका धर्मोपदेशकाचं जुगाराविरुद्धचं प्रवचन हस्तलिखितात टिकून आहे. त्यात त्याने ही सगळी पानं ओळीने मोजली आहेत. त्याचा संताप भविष्य पाहण्यावर नाही, जुगारावर आणि त्यात पोपमहाशयांना ओढलं यावर आहे! ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते. या पत्त्यांच्या इतिहासावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि दाखवून दिलं की अठराव्या शतकाच्या आधी टॅरोवरून भविष्य सांगत असल्याचा धड पुरावा सापडत नाही. फ्रान्समध्ये लोक आजही 78 पानांचा हा डाव नुसता खेळ म्हणून मांडतात.

मग त्याला गूढाचं वलय चढवलं कुणी? 1781 मध्ये पॅरिसला कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने लिहिलं की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांची गुप्त विद्या आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे खोडून काढणार कोण? पण हा गृहस्थ कोण होता, हे तुला सांगायला मी अधीर आहे. प्रॉटेस्टंट पास्टरचा मुलगा, आणि स्वतःही दीक्षा घेतलेला पास्टर. पुढे 1850 च्या दशकात गूढविद्येवर लिहिणाऱ्या एलिफास लेव्ही या फ्रेंच लेखकाने बोकडाच्या डोक्याचं, पंखांचं एक चित्र प्रसिद्ध केलं. तू पाहिलेला सैतान बराचसा त्यावरून आला. लेव्ही पाद्री व्हायला सेमिनरीत शिकलेला, डीकनपर्यंत, म्हणजे पाद्रीच्या आधीच्या पायरीपर्यंत, पोचलेला, आणि पूर्ण दीक्षेच्या तोंडावर बाहेर पडलेला. तुझ्या ड्रॉवरमधला कॅट 1909 मध्ये लंडनला निघाला. गूढविद्येचा अभ्यासक आर्थर वेट याने कल्पना दिली आणि पामेला कोलमन स्मिथ या तिशीतल्या चित्रकर्तीने सगळी पानं काढली. 'मोठं काम, पैसे अगदी थोडे' अशा अर्थाचं तिने एका परिचिताला पत्रात लिहिलं होतं. वेट लहानपणी कॅथलिक वातावरणात वाढला. आणि पामेला? हा सैतान काढल्यावर दोनच वर्षांनी, 1911 मध्ये, ती कॅथलिक झाली, पुढे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पाद्र्यांना विश्रांतीसाठी घर चालवलं आणि 1951 मध्ये कर्ज मागे ठेवून गेली.

एक आत येणारी, एक बाहेर पडलेला, एक दारातच उभा. ज्या पानाला तू बाहेरून आलेला शत्रू समजलीस, ते तुझ्यासारख्याच, मंडळीच्या उंबऱ्यावरच्या माणसांनी केलेलं आहे. त्यातली बरीच चिन्हं तुझ्या शब्बाथ शाळेतली आहेत. म्हणून तर ते तुला इतकं लागलं. तुझी हिंदू रूममेट तेच पान बघून 'काय भारी चित्र आहे' म्हणाली, असं तूच लिहिलं आहेस.

आता पान सुलटं कर. दिवसा कर, खिडकीशी बस. शेजारी 5 नंबरचं आणि 6 नंबरचं पान ठेव. पाचमध्ये धर्मगुरू आसनावर बसला आहे, उजवा हात आशीर्वादाला वर, पायाशी दोन साधू. सहामध्ये एदेन बाग आहे. आदाम, हव्वा, झाडाला वेटोळं घातलेला साप आणि वर पंख पसरलेला देवदूत. पंधरामध्ये तीच मांडणी परत आली आहे, वर एक, खाली दोघं. उजवा हात इथेही वर आहे, डाव्या हातातली मशाल मात्र जमिनीकडे वळलेली. त्या दोघांना शेपट्या फुटल्या आहेत, बाईच्या शेपटीला द्राक्षांचा घोस, पुरुषाच्या शेपटीला आग. आणि मग साखळी बघ. चौथऱ्याच्या कडीतून निघून दोघांच्या गळ्यात गेली आहे. गळ्यातला फास किती रुंद आहे ते बघ. डोक्यावरून सहज निघेल इतका सैल. हात मोकळे आहेत. वेटने 1910 मध्ये या पानाविषयी लिहिलं त्याचा आशय असा, की या दोघांच्या चेहऱ्यावर माणसाची समज शिल्लक आहे, आणि वर बसलेला कायमचा त्यांचा धनी राहायचा नाही.

आमच्या नगरकडे कालवड लहान असताना तिला दाव्याने खुंटीला बांधतात. मोठी झाल्यावर दावं सोडलं तरी ती किती वेळ तिथेच उभी राहते. मी हे पान पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मला ती कालवड आठवली होती. पण तुला 'चल, काढ साखळी, झटक मान' असं मी म्हणणार नाही. सैल आहे हे दिसणं आणि काढावंसं वाटणं यांत वेळ जातो. मला अकरा वर्षं लागली.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. त्या रात्री तुला काय काय ऐकू येत होतं ते तू लिहिलं आहेस. तू दार उघडलंस. तू आईचा विश्वासघात केलास. तुला मुळापासून कीड लागली आहे. हा आवाज देवाचा की तुझ्या विवेकाचा, असं तुला वाटत राहिलं. पोरी, तुला पाठ असलेलं बायबलच काढ. 'सातान' हा मूळ हिब्रू शब्द, अर्थ विरोधक, कोर्टात उभा राहून आरोप करणारा. ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात येतो आणि एका चांगल्या माणसावर संशय घेतो, त्याचं काम तेवढंच. जखऱ्याच्या 3 ऱ्या अध्यायात मळकी वस्त्रं घातलेल्या यहोशवा याजकाला दोष द्यायला तो उजव्या हाताला उभा राहतो, आणि देव आरोप करणाऱ्याला धमकावतो, यहोशवाला चांगले कपडे देतो. प्रकटीकरणाच्या 12 व्या अध्यायात त्याचं नावच रात्रंदिवस दोष देणारा असं आहे. म्हणजे रात्रभर तुला जो दोष देत बसला होता, तो आवाज तुझ्याच शास्त्रानुसार देवाचा नव्हता. मी इतकी वर्षं वर्ग घेतले आणि हे मुलांना एकदाही सांगितलं नाही. शिंगं दाखवली, काम दाखवलं नाही. आणि बोकडाच्या तोंडाचा, पंखांचा माणूस तर बायबलमध्ये कुठेच नाही.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायाचं काय, असं तू विचारशील. ते वचन शकुन पाहण्याला स्पष्ट मना करतं. त्याला मुरड घालून मी तुला खूश करणार नाही. त्याच बायबलमध्ये यहूदाची रिकामी जागा भरायला प्रेषित चिठ्ठ्या टाकतात आणि मत्थियाचं नाव निघतं, हेही खरं. या दोन्ही गोष्टी मनात राहू देत. ताबडतोब निकाल लावायची सवय आपल्याला मंडळीनेच लावली आहे.

माझं मत विचारशील तर पत्त्यांना पुढचं काही कळत नाही. तू कॅट पिसलास, 78 मधलं एक वर आलं. पण चित्रासमोर बसलं की माणूस बोलू लागतो, एवढी ताकद मी चित्रात पाहिली आहे. तेवढ्यासाठी वापर. रोज सकाळी पान काढून ऑफिसला जायचं की नाही ठरवायला लागलीस, तर पास्टरच्या खुर्चीत तू पत्ता बसवलास म्हणून समज. पैसे घेऊन 'तुझ्यावर सावली आहे, उतरवून देते' म्हणणारी कुणी भेटली तर पायात चपला घाल आणि नीघ. ते बोलणं आपण आधी ऐकलेलं आहे, फक्त मंडळीत त्याबरोबर प्रार्थनेच्या तेलाची बाटली असायची. आणि झोप उडणं, छाती धडधडणं असंच चालू राहिलं तर समुपदेशकाला भेट. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर कुठल्याही वेळी लागतो. अंगात मुरलेली भीती एकटीने उपसायची गरज नाही.

आईला आत्ता सांगू नकोस. लपवाछपवी म्हणून नाही, तू स्वतःच अजून वाक्य शोधते आहेस म्हणून. तुझ्या आईने माया आणि भीती एकाच ताटात वाढली, कारण तिच्या ताटात तसंच आलं होतं. पहाटे पाचला गुडघ्यावर बसून ती अजून तुझं नाव घेते, मला माहीत आहे. नाताळला घरी जा. करंज्या लाट, 'उपासना संगीत'मधली तुला आवडणारी गीतं मोठ्याने म्हण. सूर तुझेच आहेत, ते कुणी काढून घेतलेले नाहीत. नगरलाच राहिलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं वेतन सोडलं आणि 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ख्रिस्त त्यांनी सोडला नाही. तू त्यांच्यासारखं करावंस असं मला म्हणायचं नाही. तू कदाचित परत जाशील, कदाचित कधीच नाही. मी दोन्हीकडे तुझ्याशी बोलेन.

आज एवढंच कर. आजीचं बायबल ड्रॉवरवरून उचल आणि नेहमीच्या जागी ठेव. ते तिने वाचायला ठेवलं होतं, त्याला राखणीला बसवू नकोस.

शनिवारी ये. दुपारच्या गाडीने निघालीस तर जेवायला पोचशील, भाकरी आणि शेंगोळे करते. कॅट घेऊन ये. 15 नंबरचं पान वेगळं काढून मागे ठेवायचं नाही, बाकीच्यांत पिसून आण. आल्यावर आपण दोघी मोजू, 78 भरायला हवीत.

सलाम,
तुझी बाई