सही करण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. प्रोफेशनल बॉक्सिंगचा करार आला आणि सही करायला तुझे हात शिवशिवतायत, हे वाचून आनंद झाला, धास्तीही वाटली.

तू विजेंदर सिंगचं उदाहरण देतोस. त्याचा क्रम बघ ना! बीजिंग ऑलिंपिकचं कांस्यपदक 2008 चं, आणि प्रोफेशनल रिंगमध्ये तो उतरला 2015 मध्ये. मधे हरियाणा पोलिसांतली नोकरीही होती. सरकारी भरतीत आपल्याकडे खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कुठल्या स्पर्धेतलं पदक धरतात, ते आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचार. घरात पगार येत असला की पडेल ती लढत घ्यावी लागत नाही.

खेळही निराळा. आपल्या हौशी बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, प्रोफेशनलमध्ये सुरुवातच साधारण चारपासून आणि जेतेपदाला बारा. पूर्वी पंधरा असत. 1982 मध्ये लास वेगासच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाचा किम दुक-कू दगावला, त्यानंतर ते कमी झाले.

मला खरी काळजी तुझ्या वजनाची. वजन सहसा आदल्या दिवशी होतं, म्हणून पोरं पाणी तोडतात, जाड जॅकेट चढवून धावतात. आपल्या मे महिन्यात हा उद्योग करशील तर मला तोंड दाखवू नकोस. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. काट्यावर दोन किलो उतरलेले दिसतात, ते नुसतं पाणी. असं सुकलेलं अंग घेऊन उभा राहिलास की ठोसा येताना दिसतो, पण मान वेळेत हलत नाही. भाट्याच्या पुळणीवर जरूर धाव, पण ऊन चढायच्या आत. घरी येऊन मीठ घातलेली पेज पी. वजनाचा गट जमतच नसेल तर सरळ वरच्या गटात खेळ.

आता करार. होडी घेताना तुझे बाबा इंजिन उघडून बघतात, तसा हा कागद बघायचा. मॅनेजरचे टक्के किती, किती वर्षं बांधून घेतायत, लढत रद्द झाली तर काय, डोक्याच्या तपासणीचा आणि दुखापतीचा खर्च कोणाचा. यातलं एकही कलम मोघम असेल तर थांबायचं. ‘ते नंतर बघू’ म्हणणाऱ्या मॅनेजरवर माझा काडीचा विश्वास नाही.

रविवारी बाबांना आणि कागद, दोन्ही घेऊन ये. ओळखीच्या वकिलांनाही बोलावून ठेवतो. मधे मॅनेजरचा फोन आलाच, तर सांग, सर वाचतायत.

तुझा,
सर