घरी वेल्डिंग शिकायचंय, आधी काय बनवायला घेऊ?

तुम्ही लिहिलंय की इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं, एक इंची चौकोनी पाइप आणले, चपलांचा रॅक करायला बसलात, तर कुठे पाइपला भोकं पडतायत आणि कुठे रॉड चिकटून बसतोय. त्यानंतर मुलीसाठी झोपाळाही करायचाय. तर आधी काय बनवावं?

आधी ते पाइप उचलून बाजूला ठेवा. असा पाइप बहुतेक वेळा १८ गेजचा असतो, म्हणजे पत्रा जेमतेम १.२ मिमी. तो जोडणं हे या कामातलं अवघड प्रकरण आहे, आणि नवखा माणूस नेमकी तिथूनच सुरुवात करतो, कारण पाइप हलका, स्वस्त आणि कापायला सोपा. झोपाळ्याचं तर सध्या नावच नको. ज्याला माणूस लटकणार, ज्यावर माणूस चढणार, ते जोड अनुभवी फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या.

भंगारवाल्याकडे जा आणि ५-६ मिमी जाडीच्या पट्ट्या, अँगलचे तुकडे किलोवर घेऊन या. रॉड ६०१३ या प्रकारचा, अडीच मिमीचा. दुकानात १२ नंबर म्हटलं की देतात. मशीन ८० अँपिअरच्या आसपास ठेवा. गंज आणि रंग ग्राइंडरने साफ घासा, अर्थिंगचा क्लँप उघड्या लोखंडावर लावा. रॉड चिकटण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग पट्टीवर नुसत्या रेघा ओढा. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

रेघ ओढताना रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या प्रखर उजेडाकडे, म्हणजे आर्ककडे, बघू नका, त्याच्या मागे सरकणाऱ्या वितळलेल्या लोखंडाकडे बघा. मास्कच्या काचेतून दोन थर वेगळे ओळखू येतात: पुढे पातळ, चकाकणारं लोखंड आणि मागून त्यावर चढत येणारी जरा गडद, दाट स्लॅग, म्हणजे रॉडवरच्या लेपाचा वितळलेला मळ. ही स्लॅग पुढे पळून आर्कच्या खाली शिरली, की जोडात अडकलीच समजा. तसं होताना दिसलं की आर्क आखूड करा आणि रॉड चालायच्या दिशेला थोडा आणखी झुकवा, म्हणजे आर्कच तिला मागे ढकलतो. आवाजावरूनही कळतं. आर्क बरोबर असला की कढईत भजी सोडल्यासारखी सलग चरचर ऐकू येते. फटफट व्हायला लागली की रॉड लांब गेला.

आता परीक्षा. एका पट्टीवर दुसरी उभी धरून फक्त एका बाजूने वेल्ड मारा, पूर्ण गार होऊ द्या, आणि मग उभी पट्टी वेल्डच्या बाजूला हातोड्याने पाडा. तुटली तर आतला कोपरा बघा. कापल्याच्या खुणा तिथे जशाच्या तशा दिसल्या, तर लोखंड एकजीव झालंच नव्हतं, वर नुसता थर बसला होता. असा जोड बाहेरून अगदी देखणा असू शकतो. म्हणून मी वेल्डच्या दिसण्यावर फार जात नाही.

पहिली वस्तू करा कुंड्यांचा स्टँड, एक इंची, ३ मिमी जाडीच्या अँगलचा. वजन बेताचं, जमिनीलगत, आणि थोडा वाकडा झाला तरी झाडं तक्रार करत नाहीत. पण खरा धडा त्याच्या चौकटीत आहे. वेल्ड गार होताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. एक कोपरा पूर्ण भरून मोकळे झालात आणि तो एका अंशाने जरी ओढला गेला, तरी ४०० मिमी लांबीच्या टोकाला ७ मिमीचा फरक पडतो. मग पुढचा कोपरा जुळतच नाही. म्हणून आधी चारी कोपऱ्यांना फक्त टाके मारा, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड. चौकट ४०० बाय ३०० ची ठेवा, म्हणजे कर्ण बरोबर ५०० यायला हवा, दोन्हीकडून. टेप लावा, जास्त भरतो त्या कर्णाच्या टोकाला हातोडीने ठोका, पुन्हा मोजा. दोन्ही सारखे आले की मगच वेल्ड भरा, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने. काटकोन बघायचा गुण्या एकच कोपरा तपासतो, कर्ण अख्खी चौकट.

त्यानंतर काम ठेवायला दोन घोड्या, मग जमल्यास छोटं टेबल. हात बसला की रॅककडे वळा: २ मिमीचा रॉड, ४०-५० अँपिअर, सलग न ओढता थोडं थोडं मारत, मधे गार होऊ देत. नाहीतर सरळ १६ गेजचा, म्हणजे जरा जाड पत्र्याचा पाइप आणा, पैसे थोडे जास्त जातील पण डोकं शांत राहील.

मास्कची काच १० किंवा ११ नंबरची हवी. रस्त्यावरचे वेल्डर घालतात तो काळा गॉगल चालणार नाही. आर्क लागलेले डोळे लगेच दुखत नाहीत, काही तासांनी, बऱ्याचदा रात्री, वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात. शेजारची पोरं गच्चीवर बघायला जमतातच, त्यांना आधी हाकला. कपडे जाड सुती, पायात कोरडे बूट. होल्डरवर आर्क नसतानाही ६०-७० व्होल्ट असतात, त्यामुळे ओल्या गच्चीवर काम नको. पाण्याचा जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप फुकट मिळाला तरी वेल्ड करू नका. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तेलाचं किंवा पेट्रोलचं रिकामं पिंप तर अजिबात नाही, आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

मशीन १५-१६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावा. ८० अँपिअरला ते घरातून साधारण १२ ते १४ अँपिअर ओढतं, टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डाची वायर त्यात वितळेल.

रंग द्यायच्या आधी स्लॅग कानाकोपऱ्यातून ठोकून, तारेच्या ब्रशने काढा आणि मग रेड ऑक्साइड प्रायमर मारा. स्लॅगवर मारलेला रंग तिच्यासकट पापुद्र्याने सुटतो, आणि कुंडीचं पाणी रोज तिथेच झिरपणार आहे.