ड्यूटीवर गेलेले आजोबा

"पोराला सिमेट्रीत नेऊ की नको, एवढंच सांगा मॅडम," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली.

मी समुपदेशक. ऑक्टोबर लागला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. दोन नोव्हेंबरला ऑल सोल्स डे, ख्रिस्ती घरांत गेलेल्या माणसांच्या आठवणीचा दिवस. नागपुरात जरीपटक्याच्या दफनभूमीत कबरींना चुना लागतो, झेंडूचे हार येतात, मेणबत्त्या लागतात. हिंदू घरांतून हाच प्रश्न घाटाबद्दल येतो. लेकरू घाबरेल, झोपेत दचकेल, ही धास्ती दोन्हीकडे सारखीच. (ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.)

हिचे वडील फौजेत होते. १९८७ ते १९९० भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती. तिथे आपले सुमारे १,२०० जवान कामी आले, त्यांतले एक हिचे बाबा. साल १९८८, ही तेव्हा तीन वर्षांची. शव घरी आलंच नाही. त्या काळी बहुतेकांचे अंत्यविधी तिकडेच उरकत. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येणं आपल्या ओळखीचं झालं ते १९९९च्या कारगिलपासून. घरच्यांनी घराण्याच्या कबरींशेजारी नाव कोरलेली शिळा बसवली. खाली कुणी नाही.

यंदा पंधरा ऑगस्टला तिने नऊ वर्षांच्या मुलाला सीताबर्डीचा किल्ला दाखवला. वर्षातून मोजकेच दिवस तो लोकांसाठी उघडतो, त्यातला हा एक. तिथे १८१७च्या लढाईत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आहेत. पोराने विचारलं, "आपले आजोबा पण असेच खाली आहेत का?" ती पटकन "हो" म्हणून गेली. तेव्हापासून तो रात्री उठून बसू लागला.

"मी खोटं बोलली न. आता तो दोन तारखेला येतो म्हणून राहिला. तिथं अजून काही विचारलं तर?"

मी माझी नेहमीची टेप लावली. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याला थंडी वाजत नाही, भूक लागत नाही, हे नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांना कळतं. 'झोपले', 'देवाने बोलावलं' असं म्हणू नका, त्यानं उलट झोपेचीच भीती बसते. सरळ 'मेले' म्हणा. काय दिसणार आहे ते आधी सांगा. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. पोरगा तसाच उठत राहिला.

दोन आठवड्यांनी तिने त्यालाच आणलं. तो माझ्या टेबलावरच्या स्टेपलरशी खेळत होता.

"कबरीची भीती वाटते का रे?"

"नाही. तिथं तर फक्त मुंग्या असतात."

"मग रात्री काऊन उठतो?"

"मम्मीला पाहायला."

"काय पाहायला?"

"ड्यूटीवर गेली का."

आई नर्स आहे. दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. निघताना ती म्हणते, "ड्यूटीवर जाते, झोप तू." आणि आजोबांबद्दल त्या घरात एकच वाक्य चालत आलेलं: "आजोबा ड्यूटीवर गेले, ते आलेच नाही." मी पंधरा दिवस कबरीभोवतीच घुटमळत होते.

ती पर्सची चेन उघडबंद करत होती. "मला पण हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "चौथीपर्यंत मी दाराकडे तोंड करून जेवत होती."

ठरलं ते असं, की आधी घरी, जेवणं झाल्यावर, तिने खरं सांगायचं. आजोबांना लंकेत गोळी लागली, ते मेले, तिकडेच राहिले. जरीपटक्यात फक्त त्यांचं नाव आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटवर जवानांची नावं कोरली आहेत, तिथेही आजोबांचं शोधता येईल. आणि "माझी ड्यूटी दवाखान्यात असते, सकाळी आठला सुटते, उशीर झाला तर फोन करीन." ही शेवटची ओळ मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवायचं, "आजोबांसारखा शूर हो, रडायचं नाही" हे तिथे नको. पोरगं शिळा पुसायला आलंय, परीक्षेला नाही. हाताला काम द्या, आणि दहा मिनिटांत कंटाळला तर निघा. मुलाचं खाणं, शाळा, खेळ सुटले आणि महिनाभर तसंच राहिलं, तर मात्र वाट न पाहता समुपदेशकाला भेटा.

दोन तारखेचं तिने फोनवर सांगितलं. त्याने जुना टूथब्रश सोबत नेला होता. 'लान्स नायक'मधल्या जोडाक्षरात शेवाळ अडकलं होतं, ते काढण्यातच त्याचा बराच वेळ गेला. घासता घासता म्हणाला, "मग त्यांचे बूट कुठं गेले?" तिला उत्तर देता येईना. बूट आले होते. माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत, तिच्या आईने कधी न उघडलेल्या.

रात्रपाळीच्या आठवड्यात तो अजून एखाददा उठतो. बाकी आठवडे झोपतो.

परवा तिचा मेसेज आला: "ट्रंक उघडली मॅडम. बूट आठ नंबरचे निघाले. त्याला आता दोन लागतो. रोज रात्री पाय घालून पाहून राहिला."