पुण्यातल्या बंद फ्लॅटच्या बाथरूममध्ये ट्रॅप प्रायमर बसवावा का?

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीच्या घरात बेसमेंटच्या ड्रेनला ट्रॅप प्रायमर (ड्रेनच्या वाकातलं पाणी आटू नये म्हणून त्यात आपोआप थोडं पाणी सोडणारं यंत्र) आहे, तिथे कधी वास येत नाही. पुण्यातला चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट मात्र दहा-दहा महिने बंद असतो आणि दार उघडलं की गटाराचा भपकारा येतो. मग इथेही प्रायमर बसवावा का?

माझं स्पष्ट मत: नका बसवू. वीस वर्षं इमारतींच्या प्लंबिंगचं काम करतोय, म्हणून कारणही सांगतो.

बाथरूमच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्याच्या वाकात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं असतं. ड्रेनेजची हवा आणि तुमचं घर यांच्यामध्ये तेवढाच काय तो पडदा. वापर थांबला की ते पाणी उडून जातं, आणि पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तर फार लवकर. मग वास येतो, झुरळं वर येतात. हे नुसतं नाक दाबून सोसायचं प्रकरण नाही. 2003 साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्स या श्वसनरोगाची लागण तीनशेहून जास्त रहिवाशांना झाली, आणि तपासात बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप हा संसर्गाचा एक मार्ग ठरला. एक्झॉस्ट फॅन लावला की तो ड्रेनेजमधली हवाच आत ओढत होता. तेव्हा बंद घरात पाऊल टाकल्यावर आधी खिडक्या उघडा, प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता, आणि मगच फॅन लावा.

आता प्रायमर. नेहमीचा प्रायमर पाण्याच्या लाइनला जोडलेला असतो. घरात कुणी नळ उघडला की लाइनमधला दाब क्षणभर पडतो, तेवढ्यात तो थोडं पाणी ट्रॅपमध्ये सोडतो. म्हणजे त्याला माणसांचा वावर लागतो, आणि तुमच्या घरात नेमका तोच नाही. शिवाय निघताना तुम्ही मेन कॉक बंद करत असाल (करायलाच हवा, नाहीतर एक पाइप फुटला की खालच्यांचं छत गेलं), मग प्रायमरला पाणी येणार कुठून? त्यात शेवटच्या मजल्यावर गच्चीवरची टाकी जेमतेम चार-पाच मीटर वर, म्हणजे दाब अर्ध्या बारच्या आसपास. ही यंत्रं अमेरिकेतल्या जोरदार लाइनसाठी बनलेली असतात. आणि ते बसवायला फरशी, कोबा, वॉटरप्रूफिंग सगळं फोडावं लागेल. एवढ्यासाठी चांगलं वॉटरप्रूफिंग फोडलेलं मला पाहवत नाही.

बंद घराला उपाय तेलाचा. निघायच्या दिवशी ट्रॅप पाण्याने काठोकाठ भरा, पाणी स्थिर झालं की वरून अर्धा कप लिक्विड पॅराफिन हळूच सोडा. केमिस्टकडे मिळतं. तेल पाण्यावर तरंगतं आणि खालच्या पाण्याची वाफ होऊ देत नाही. गोडेतेल वापरू नका, ते खवट होतं. ड्राय बाल्कनीची आणि किचनच्या मोरीची जाळी हमखास विसरली जाते, तिथेही घाला. कमोडचंही पाणी उडतं, त्यातही घालून झाकण बंद ठेवा. परत आल्यावर बादलीभर पाण्यात सगळं वाहून जातं.

पुढे कधी बाथरूमचं काम काढलंत, तर मात्र मिस्त्रीला सांगून बेसिनचा वेस्ट पाइप थेट स्टॅकला (इमारतीच्या उभ्या ड्रेनेज पाइपला) न नेता मल्टी फ्लोअर ट्रॅपमध्ये (बाजूने इतर पाइपही जोडता येतात अशा नहाणी ट्रॅपमध्ये) आणा. हात धुतले की ट्रॅप आपोआप भरतो. आपल्याकडचा खरा प्रायमर हाच. घरात माणसं राहत असून एखादीच जाळी कोरडी पडत असेल, तर याच्यासारखा उपाय नाही.

एक खूण लक्षात ठेवा. ट्रॅप भरल्यावर दोन दिवसांतच वास परत आला, तर पाणी उडालेलं नसतं. एवढ्या लवकर ते उडत नाही. मग एकतर ट्रॅपला तडा आहे, नाहीतर व्हेंट पाइप (ड्रेनेजला हवा मिळावी म्हणून गच्चीपर्यंत नेलेला पाइप) तुंबल्यामुळे स्टॅक पाणी ओढून घेतोय. अशा वेळी तेल ओतत बसू नका. खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छताला ओल आलीय का ते आधी बघा, आणि गच्चीवरच्या व्हेंटच्या तोंडाशी घरटं किंवा कचरा अडकलाय का तेही पाहून घ्या.